सातव्या रांगेतली खुर्ची

दुपारची वेळ आहे, पण मी खिडक्या लावून घेतल्यात, म्हणून दिवा लावून लिहायला बसलेय. खिडक्या का लावल्या ते शेवटी सांगते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे शुद्धलेखनाकडे बघू नका. तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकताय असं समजते आणि सांगते.

मी एका चित्रपटगृहात झाडलोट करते. एकच पडदा, एकवीस रांगा, जुनी इमारत. मालकांनी मागच्या वर्षी सगळ्या खुर्च्या नव्याने करून घेतल्या. मरून रंगाचं मखमली कापड आणि खाली कडक स्प्रिंग. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते, थाप असा आवाज होतो. खेळ सुटला की थाप, थाप, थाप, जसं कुणी टाळ्या वाजवतंय.

आमच्या कामात या स्प्रिंगचा मोठा उपयोग. पडद्यापाशी उभं राहून वर बघायचं. बैठक वर असेल तर खुर्ची रिकामी. खाली राहिली असेल तर तिच्यावर काहीतरी आहे: पर्स, छत्री, नाहीतर झोपलेलं माणूस. एकदा एक आजोबा सापडले होते. त्यांना उठवलं तर म्हणाले, "मध्यंतर झालं का?"

माझी मुलगी साडेतीन वर्षांची. हे ट्रक चालवतात, आठ-आठ दिवस घरी नसतात, घरात दुसरं मोठं कुणी नाही. म्हणून मी तिला कामावर घेऊन जाते. तिकीटखिडकीवर बसणारी ताई मायाळू आहे, तिच्या पायापाशी ती खेळत बसते. लेकरू फार हलकं. दवाखान्यात काट्यावर उभं केलं की डॉक्टरीणबाई नुसतं "हं" म्हणतात, आणि त्या "हं"ने माझी चार दिवसांची झोप उडते. आमचे बॅटरीकाका, म्हणजे अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणारे म्हातारे गृहस्थ, त्यांनीच तिचं नाव मुंगी ठेवलं. ती खुर्चीवर बसली की बैठक तिच्यासकट वर उचलायला लागते, इतकी हलकी. मग ती पाय पोटाशी घेऊन आत बसते, आणि खिदळते.

खुर्च्यांचं थोडं कापड उरलं होतं. मालक म्हणाले, ने. मी त्याचा मुंगीला लांब बाह्यांचा फ्रॉक शिवला. काय सुंदर दिसायची! बॅटरीकाका म्हणाले, "झालं. आता ही आमचीच खुर्ची. नंबर टाकून घ्या हिच्यावर." सगळे हसले. मीही हसले. आता ते हसणं आठवलं की मी मुंगीला जवळ ओढते.

तर त्या महिन्यात एक रहस्यपट लागला होता. वसतिगृहाची शाळा, दहावीतली चार मुलं-मुली. त्यांची एक मैत्रीण एका संध्याकाळी नाहीशी होते. मग मुलांच्या मोबाईलवर निनावी संदेश, कपाटात सापडलेला बूट, पावसात भिजलेलं चित्र. चित्रपट फार देखणा होता. आवाज तर असे की, नळ ठिबकला तर आपण आपल्या खांद्याकडे बघावं. पण एक होतं. सगळं आधीच कळायचं. चित्रकलेचे सर इतके गोड हसायचे की शेंबडं पोरसुद्धा सांगेल, हाच तो. मध्यंतरात लाह्या घ्यायला आलेले लोक म्हणायचे, "सर आहेत, पैज लावतो." शेवटी निघायचेही सरच. लोक बाहेर पडताना कुरकुरायचे, "छान बनवलाय हो, पण कळलंच होतं मला."

मला मात्र तो फार आवडला. आमची कामाची रीत अशी की, खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी आम्ही झाडू घेऊन मागच्या दाराच्या पडद्याआड उभं राहायचं, दिवे लागले की लगेच सुरुवात. त्यामुळे मी प्रत्येक चित्रपटाचा शेवटच पाहिलेला, सुरुवात कधीच नाही. याचा शेवट असा की, हरवलेली मुलगी जुन्या तलावाच्या पंपघरात जिवंत सापडते, आणि तिची आई अनवाणी धावत येऊन तिला मिठी मारते. दिवसातून तीनदा मी ते बघायचे, आणि तिन्ही वेळा डोळ्यांना पदर लावायचे. लोकांना काय, आधीच कळलं की मजा जाते. मला आयुष्यात पुढचं काहीच आधी कळत नाही हो. मुंगी खोकली तरी मी मनाने शेवटापर्यंत जाऊन येते. म्हणून ज्या गोष्टीत मुलगी दर वेळी सापडतेच, ती मला देवासारखी वाटायची.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला दुसऱ्या आठवड्यात.

चित्रपटातली नायिका पंपघराच्या दाराला हात लावणार, तेवढ्यात अंधारातून आवाज आला. च्… च्… आपण एखाद्याला चुकीचं पाऊल टाकताना बघतो आणि जीभ टाळ्याला लावून करतो ना, तसा. मग दार उघडलं, आणि दारामागून सर आले. मला वाटलं, बघणाऱ्यांपैकी कुणीतरी असेल. पुढच्या खेळाला पुन्हा तेच, त्याच जागी, दाराला हात लागायच्या आधी. तिसऱ्या दिवशी मी नीट कान दिला. आवाज सातव्या रांगेतून यायचा. मधल्या खुर्च्यांपैकी कुठून तरी.

मग एक दिवस दुपारच्या खेळाला अकराच माणसं होती, आणि अकराही मागच्या रांगांत. सातवी रांग पूर्ण मोकळी. नायिकेने हात पुढे केला.

च्… च्…

मी बॅटरीकाकांचा हात धरला. "काका, ऐकलंत?"

"पाल असेल."

"पालीला चित्रपट कळतो का, काका?"

"हा चित्रपट ना?" काका हळूच म्हणाले. "हा पालीलाही कळेल."

मी हसले, पण त्यांनी बॅटरी सातव्या रांगेवर मारली नाही. दुसरीकडे सगळीकडे मारली. दिवे लागल्यावर मी पुढे जाऊन पाहिलं, तर सातव्या रांगेत मधली एक बैठक खाली होती. जवळ गेले, वर काहीच नव्हतं. मी तिथे उभी असताना ती वर गेली. हळूहळू. थाप न वाजता. जसं कुणी हाताने धरून, आवाज होऊ नये म्हणून सांभाळून वर सोडावं.

त्यानंतर मी सातवी रांग घाईने झाडायला लागले. भीती वाटायची, नाही म्हणत नाही. पण कुणाला सांगू? नोकरी जाईल याची भीती भुतापेक्षा मोठी.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारच्या खेळानंतर हॉल बंद असतो. त्या दिवशी किड्यांसाठी औषधाचा धूर सोडतात. दारं लावायची, फटींत चिंध्या कोंबायच्या, बाजूच्या दारातून नळी आत घालून मशीन सुरू करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आत कुणी जायचं नाही. औषधवाला पहिल्याच महिन्यात म्हणाला होता, "आत श्वास घेणारं काही राहिलं, तर तो त्याचा शेवटचा श्वास."

त्या मंगळवारी मुंगीला कणकण होती. सकाळी मी तिला खोकल्याचं औषध पाजलं होतं, त्याने तिला गुंगी यायची. मरून फ्रॉक घातला, का तर तो गरम होता. तिकीटताईकडे सोपवून मी कामाला लागले. शेवट बघितला, आई धावत आली, दिवे लागले. आम्ही झाडून घेतलं. कचऱ्याची पोती ओढत मी बाजूच्या दाराने मागच्या अंगणात गेले. दोन फेऱ्या झाल्या. परत आले तर काकांनी मागची दारं लावून कुलपं घातली होती, आणि वीज मुख्य बटणापासून बंद केली होती. धूर सोडताना ठिणगी नको म्हणून तसंच करतात. हॉलमध्ये काळामिट्ट अंधार. लाह्यांचा, घामाचा आणि जुन्या मखमलीचा वास.

काका पडद्याखाली उभे राहिले आणि बॅटरीचा झोत एकेका रांगेवरून फिरवायला लागले. हे मोजणं काका गाण्यासारखं म्हणतात, "पहिली वर… दुसरी वर… तिसरी वर…" मी दारात उभी राहून ऐकत होते. "सातवी वर…" एकवीसपर्यंत मोजून त्यांनी आरोळी दिली, "हॉल रिकामा!"

आम्ही बाहेर आलो. औषधवाल्याने मशीन चालू केलं होतं, ते घरघरत होतं, धूर मात्र अजून सोडला नव्हता. नळीला दाराच्या खालच्या अंगाला भोक आहे. मी दार ओढलं, कडी घालायला हात वर केला.

आतून आवाज आला.

च्… च्…

माझा हात तसाच राहिला. मशीनच्या घरघरीतसुद्धा तो स्वच्छ ऐकू आला, अगदी कानाशी. मी दाराकडे बघितलं. दाराला माझा हात. एवढे दिवस तो आवाज ज्या क्षणी यायचा, तोच क्षण.

"बाई, कडी घाला," औषधवाला म्हणाला. "मशीन तापलंय."

"काका… मुंगी कुठंय?"

"तिकीटखिडकीत असेल की."

"तुम्ही बघितलीत?"

"ताई तर मघाशीच घरी गेली. आज संध्याकाळचे खेळ नाहीत ना…" बोलता बोलता काकांचा आवाज बारीक झाला. "ती म्हणाली, पोरीला आईकडे धाडलंय. मला वाटलं, तुझ्याजवळ आहे."

"अहो, मी पोती टाकायला…"

च्…

या वेळी एकदाच. घाई करणारा.

"बंद करा ते मशीन!" मी ओरडले. आजवर मी कामाच्या जागी कधी आवाज चढवला नव्हता. औषधवाला म्हणाला, "बाई, तुमच्या समोर मोजलंय ना काकांनी? सगळ्या वर आहेत." पण त्याने नळी बाहेर ओढली. त्याचं भलं होवो.

काका पुन्हा पडद्याखाली गेले. "पहिली वर… दुसरी वर…" सहावीपर्यंत आले आणि थांबले. झोत सातव्या रांगेच्या मध्यावर थांबला होता.

एक बैठक खाली होती.

"मघाशी वर होती…" काका कुजबुजले. "देवाशपथ वर होती, पोरी… मी बघितली…"

मी चपला तिथेच टाकल्या आणि धावले. कशी धावले ते आठवत नाही. सातव्या रांगेत शिरले, त्या खुर्चीपाशी पोचले. खाली राहिलेली बैठक रिकामी होती. गादीला मध्ये खळगा होता, बसलेल्या माणसाचा असतो तसा. मी हात ठेवला. पाण्यातून काढल्यासारखी गार. आणि तिथे एक वास होता, लाह्यांचा नाही, औषधाचा नाही. पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या साडीचा असतो तसा.

"काय आहे?" काका खालून म्हणाले.

"काही नाही… इथे काही नाही…"

अंधारात मागे वळताना मी आधाराला शेजारच्या खुर्चीवर हात टाकला. ती वर दुमडलेली होती. हाताला मखमल लागली. मरून. मऊ. आणि ती मखमल… हलली. वर, खाली. श्वास घेत होती.

बैठक खाली ओढली तर आत मुंगी. पाय पोटाशी, तोंड गुडघ्यांत, हात लांब बाह्यांत. मरूनमध्ये मरून. बॅटरी तिच्यावरून दहा वेळा गेली असती तरी दिसली नसती. माझ्या हाताने शिवलेला फ्रॉक, माझ्या हाताने पाजलेलं औषध, आणि दाराची कडीही माझाच हात घालणार होता.

मी तिला छातीशी धरलं तेव्हा तिने डोळे किलकिले केले. म्हणाली, "आलीस?"

"आले गं, आले माझी बाय…"

"ती म्हणालीच होती."

"कोण?"

तिने शेजारच्या, खाली राहिलेल्या खुर्चीकडे बोट केलं. "ही बाई. मी रडत होते. अंधार झाला ना… ती म्हणाली, घाबरू नको, झोप. शेवटी आई येते."

आम्ही दोघी तिकडे बघत असतानाच ती बैठक हळूहळू वर गेली. थाप न वाजता.

बाहेर आल्यावर काका पायरीवर बसले, ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. औषधवाल्याने त्यांना पाणी दिलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वीस वर्षं मी हॉल रिकामा म्हणून ओरडतोय. कधी खरंच रिकामा होता का गं?"

आता तुम्ही म्हणाल, तिथली नोकरी सोडून दे. कशी सोडू? जिच्यामुळे माझी कूस भरलेली राहिली, तिला पाठ दाखवू? दुसऱ्या दिवसापासून मी सातवी रांग सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश झाडायला लागले. झाडून झालं की ती बैठक हाताने खाली धरते, मनात म्हणते, बाई, तू कोण आहेस मला माहीत नाही, पण तुझे उपकार फिटायचे नाहीत. मग बैठक सोडते. माझ्या हातून थाप वाजते. तिच्या हातून वाजत नाही.

त्या चित्रपटाचा शेवटचा खेळ होता त्या दिवशी काकांनी मला सुरुवातीपासून बसवलं. "बघ एकदा सगळा. झाडू मी बघतो." मी सातव्या रांगेत बसले, एक खुर्ची सोडून. पहिल्या दहा मिनिटांत मलाही कळलं की सरच आहेत, आणि मला गंमत वाटली. शेजारून मधून मधून च्… च्… यायचं. मी दचकले नाही. दोघी मैत्रिणी बसल्यासारखं वाटलं. माझी समजूत अशी की, तिने हा चित्रपट इतक्या वेळा पाहिलाय की तिला पाठ झालाय. माझ्यासारखंच.

पण मग शुक्रवारी नवा चित्रपट लागला. चित्रपटाची पेटी सकाळीच आली होती, आमच्यापैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. पहिलाच खेळ. शेवटच्या दहा मिनिटांना मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले. एक माणूस जिन्यावरून नुसता खाली येत होता, शीळ घालत. काही होईल असं कुणालाही वाटलं नसतं.

च्… च्…

आणि मग तो पडला.

तेव्हा मला कळलं, तिला चित्रपट पाठ नव्हता.

हे सगळं होऊन तीन आठवडे झाले. मुंगी बरी आहे, दोनशे ग्रॅम वाढली, डॉक्टरीणबाई या वेळी "हं" म्हणाल्या नाहीत, हसल्या. मरून फ्रॉक मी उसवून टाकला, आता पिवळा घालते, लांबून दिसणारा.

आज सकाळी नेहमीसारखं आवरलं. डबा भरला, मुंगीची वेणी घातली, तिला गादीवर बसवून मी चपला घातल्या आणि दाराच्या कडीला हात लावला. मागून आवाज आला.

च्… च्…

मी वळले. मुंगी बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

"मुंगे, हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "ती करते ना, मग मी पण करते."

मी चपला काढून ठेवल्या. खिडक्या लावल्या. दुपारी तिकीटताईचा फोन आला, का आली नाहीस, सगळं ठीक ना? मी विचारलं, तिकडे काही झालं का? ती म्हणाली, "काय व्हायचंय? हॉल भरलाय. काका तुझ्या नावाने खडे फोडतायत, झाडू त्यांच्या हातात आलाय." ह्यांनाही फोन केला. ते ढाब्यावर जेवत होते, हसले, म्हणाले, "तुला काय, रोज एक काळजी हवीच."

म्हणजे तिकडे काही नव्हतं. मग काय टळलं? की अजून टळायचंय? मला माहीत नाही. आणि खरं सांगू, मी विचारणारही नाही. लेकरू डोळ्यांसमोर आहे, अंगात ताप नाही, श्वास शांत आहे. एवढं आधी कळलं तरी पुरे. मी हात जोडलेत.

मुंगी झोपलीय. गादीवर भिंतीच्या बाजूला सरकून, थोडी जागा सोडून. त्या सोडलेल्या जागेत गादीला मध्ये खळगा पडलाय. मी दोनदा हाताने सारखा केला, दोन्ही वेळा तो हळूच परत आला.